फोर बाय फोर गाडीचा फ्लोअर: आवाज कमी करणं आणि नवी मॅट बसवणं, स्वतःच्या हातांनी

ऑफ-रोड गाडीत शेजारच्याशी बोलायला आवाज चढवावा लागतो, त्याची कारणं उघड आहेत. पत्रा रुंद आणि सपाट, टायर मोठ्या खाचांचे, गिअरबॉक्सला लागून ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी), आणि फ्लोअरमधून वर येणाऱ्या लिव्हरांभोवती भोकं. यातलं बरंचसं साध्या पान्यांनी आणि थोड्या चिकाटीने कमी करता येतं. पण कामाची सुरुवात आवाजापासून करू नका. ही गाडी पाण्यात उतरणार, चिखलाचे बूट आत येणार, पावसात दार उघडं राहणार. चिकटवलेल्या थरांखाली ओल अडकली की पत्रा खालून कुजत जातो आणि वरून काहीच कळत नाही. म्हणून क्रम असा: आधी पाणी, मग गंज, मग आवाज, शेवटी मॅट. आणि वरचे थर पुन्हा काढून वाळवता येतील असेच बसवायचे. हा शेवटचा नियम पाळला तर बाकीच्या बऱ्याच चुका नंतर सुधारता येतात.

पत्रा धड निघाला तर दोन दिवस पुरतात. गंज निघाला तर प्रायमर आणि सीलर वाळण्यासाठी आणखी दोन-तीन दिवस धरा. तेवढे दिवस गाडी लागणार नाही, अशी वेळ निवडा.

कोणता थर काय करतो

बाजारात सगळ्यालाच ‘साउंड प्रूफिंग’ म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. खरं तर तीन वेगळी कामं आहेत आणि त्यासाठी तीन वेगळी सामग्री लागते.

पहिलं काम, पत्र्याचा नाद थांबवणं. त्यासाठी ब्यूटाइल शीट, म्हणजे चिकट ब्यूटाइल रबरावर अ‍ॅल्युमिनियमचा वरचा थर. घंटेवर हात ठेवला की नाद तिथेच मरतो, तसं हे काम करतं. पत्रा थरथरला की मधलं रबर पत्रा आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये ओढलं जातं आणि थरथरीची ऊर्जा किंचितशा उष्णतेत जिरते. त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमची जाडी महत्त्वाची. साधारण ०.१ मिमी जाडीचं असेल तर काम चांगलं होतं. चॉकलेटच्या वेष्टनासारखं पातळ असेल तर अर्धी मेहनत वाया. एकूण जाडी २ मिमी पुरेशी आहे. डांबराच्या शीट टाळा. उन्हात तापल्यावर त्यांचा वास येतो आणि उभ्या भागावरून त्या घसरतात. ब्यूटाइलला रबराचा हलका वास असतो, डांबराचा वास लगेच ओळखू येतो.

दुसरं काम, हवेतून येणारा आवाज अडवणं. टायरची घरघर, सायलेन्सरचा आवाज, गिअरचं गुणगुणणं हे बहुतांशी यात येतं. याला वजन लागतं, ब्यूटाइलचे तुकडे इथे फारसे उपयोगी नाहीत. जड व्हिनाइलची शीट, दर चौरस मीटरला सुमारे ५ किलो, हे यासाठी रूढ साधन. अडथळ्याचं वजन दुप्पट केलं की आवाज जास्तीत जास्त ६ डेसिबलने आणखी अडतो. म्हणजे थरावर थर चढवत गेलं तर वजन झपाट्याने वाढतं आणि फायदा सावकाश. त्याहून मोठी गोष्ट फटींची. अडथळ्याचा एक टक्का भाग जरी उघडा राहिला, तरी बाकीचा कितीही जाड असो, एकूण अडवणूक २० डेसिबलच्या वर जाऊच शकत नाही. म्हणून गिअर लिव्हरचं फाटलेलं रबरी बूट (लिव्हरभोवतीचं आवरण) बदलणं हे दुसरी शीट विकत घेण्यापेक्षा जास्त मोलाचं असतं.

तिसरं काम, जड शीट पत्र्यापासून वेगळी ठेवणं. शीट थेट पत्र्याला चिकटली की पत्र्याबरोबर थरथरते. मध्ये ५-६ मिमीचा बंद छिद्रांचा फोम हवा. ‘बंद छिद्रांचा’ हा शब्द इथे कळीचा आहे. घेण्याआधी छोटा तुकडा पाण्यात बुडवून पाण्याखालीच दोन-चार वेळा दाबा, बाहेर काढून पुसा आणि पुन्हा पिळा. आतून पाणी गळलं तर तो फोम या गाडीच्या फ्लोअरवर घालायचा नाही. ताग, फेल्ट, कापसाची गादी यांचंही तेच. साध्या मोटारीत ते चालतात, इथे ते ओल महिनोन्महिने धरून ठेवतात. फोम आणि मॅट दोन्हींवर आग न पसरण्याच्या कसोटीचा उल्लेख आहे का ते पाहा. मोटारीच्या आतल्या सामानासाठी ती एफएमव्हीएसएस ३०२ किंवा आयएसओ ३७९५ या नावाने छापलेली असते.

किती सामान

अंदाजाने घेऊ नका, मोजा. पुढचे दोन पायांचे गाळे, मागचे दोन, मधल्या बोगद्याच्या (दोन सीटांमधल्या फ्लोअरच्या उंचवट्याच्या) दोन्ही बाजू आणि माथा, मागचा सामानाचा फ्लोअर, आणि पायांसमोरची तिरकी भिंत म्हणजे फायरवॉलचा हाताला लागणारा भाग. प्रत्येकाची लांबी गुणिले रुंदी करून बेरीज करा. फोम आणि व्हिनाइल या बेरजेइतकं अधिक दहा टक्के. ब्यूटाइल मात्र बेरजेच्या ३० ते ५० टक्केच.

समजा बेरीज ४ चौरस मीटर आली. ब्यूटाइल १.६ चौरस मीटर बसवलं, ते दर चौरस मीटरला साधारण ३ किलो, म्हणजे सुमारे ५ किलो. व्हिनाइल ४ चौरस मीटर म्हणजे २० किलो. फोमचं वजन नगण्य. एकूण २५ किलो वाढले. तेच ब्यूटाइलचे दोन थर सगळीकडे मारले तर नुसतं ब्यूटाइलच २४ किलो होतं, आणि हवेतला आवाज तरी तसाच येत राहतो.

हत्यारांत रॅचेट आणि सॉकेट, टॉर्क्स बिट (ताऱ्याच्या आकाराचं टोक; टी-५० हा सीट आणि बेल्टसाठी वारंवार लागतो), टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच बोल्ट आवळणारा), पट्ट्या काढायची प्लास्टिकची पाती, तारेचा ब्रश, छोटा कडक रोलर, हुकासारखं पातं बसणारा कटर, टोच्या, हीट गन. रोलरशिवाय हे काम करू नका. हाताने दाबलेली शीट चिकटल्यासारखी दिसते, पण खाली हवा राहते. जाड हातमोजे घ्या, अ‍ॅल्युमिनियमची कापलेली कड पात्यासारखी हात कापते.

गाडी मोकळी करणं

बॅटरीची ऋण तार काढा आणि किमान दहा मिनिटं थांबा. सीटमध्ये एअरबॅग किंवा बेल्ट ताणणारं यंत्र असेल तर सीटखाली पिवळा कनेक्टर दिसेल. विजेचा साठा उतरेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. सीट बाहेर असताना इग्निशन चालू करू नका, नाहीतर एअरबॅगचा दिवा पेटतो आणि बऱ्याच गाड्यांत तो स्कॅनर लावूनच घालवावा लागतो.

सीट बाहेर काढायच्या आधी ती पुढे-मागे सरकवून चारही बोल्ट गाठा. बोल्ट गंजलेले असतील तर आदल्या रात्री, शक्यतो गाडीच्या खालून, आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. बोल्ट करकरत फिरायला लागला तर जोर वाढवू नका. अर्धा फेरा सोडा, पाव फेरा आवळा, तेल घाला, पुन्हा सोडा. पत्र्याला वेल्ड केलेला नट आतून तुटला तर बोल्ट नुसता गरगरत राहतो आणि एका दिवसाचं काम तिथेच अडकतं. आटे साफ करायचे असतील तर आधी माप खात्रीने ओळखा. सीटबेल्टच्या बोल्टांना अनेक गाड्यांत ७/१६ इंच, २० यूएनएफ (इंच मापाचे बारीक) आटे असतात, बाकीची गाडी पूर्ण मेट्रिक असली तरी. तिथे मेट्रिक टॅप (आटे पाडायचं हत्यार) घातला तर जीव वाचवणारा आटा तुम्हीच खराब करता.

मग दाराखालच्या पट्ट्या, पायाजवळची बाजूची आवरणं, मधला कन्सोल, लिव्हरांची बूट आणि त्यांच्या रिंगा, आणि शेवटी जुनी मॅट. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत घालून वर नाव लिहा. जुनी मॅट फाटकी असली तरी टाकू नका, नवी कापायला तिच्याइतका चांगला साचा दुसरा नाही.

पाणी कुठून येतं ते आधी शोधा

मॅट निघाल्यावर ओल, चिखलाचे ओघळ किंवा गंजाचे डाग कुठे आहेत ते पाहा. दोन माणसं हवीत, एक बाहेर पाइप घेऊन, दुसरा आत टॉर्च घेऊन. पाणी खालून वर मारत जा: आधी दाराखालचा भाग, मग दारांचं बीडिंग (कडेचं रबर), मग पुढच्या काचेची खालची कड, मग वरची, शेवटी छत. एकेका जागी दोन-तीन मिनिटं. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडून खाली येतो आणि खरी फट सापडत नाही.

कोरड्या दिवशीही पायाशी पाणी येत असेल तर दोन शक्यता. फक्त एसी चालू असताना स्वच्छ पाणी येत असेल तर एसीची निचऱ्याची नळी तुंबली आहे. पाणी बुळबुळीत, रंगीत आणि गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आहे, म्हणजे हीटरचा छोटा रेडिएटर किंवा त्याची नळी गळते आहे. हे दुरुस्त झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फ्लोअरमधली रबरी बुचं एकेक काढून पाहा. कडक पडलेली, चिरलेली असतील तर बदला. पाण्यात गाडी घालणाऱ्यांसाठी ही बुचं म्हणजे निचऱ्याची दारं आहेत, त्यांच्यावर पुढे काहीही चिकटवायचं नाही.

गंज

फुगलेला रंग खरवडून काढा आणि बारीक स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पत्रा टोचून पाहा. टोक आरपार गेलं तर तिथे वेल्डिंग लागणार. भोकावर ब्यूटाइलचा तुकडा चिकटवणं ही दुरुस्ती नाही. सीटच्या बोल्टाजवळ तर ते सरळ धोक्याचं आहे. वेल्डिंग आत्ताच करून घ्या. ब्यूटाइल आणि फोम बसल्यावर ठिणगी पडली तर आग लागते. वेल्डिंग किंवा ड्रिल करण्याआधी खाली वाकून पेट्रोल-डिझेलची नळी, ब्रेकची नळी आणि वायरिंग कुठून जातं ते पाहा.

वरवरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशने सुटे पापुद्रे काढा, गंज बदलणारं रसायन लावा, डब्यावर सांगितलं तेवढं वाळू द्या, वर इपॉक्सी प्रायमर आणि रंग. पत्र्यांच्या जोडांवर पॉलियुरेथेन सीलर. घरातलं सिलिकॉन वापरू नका, व्हिनेगरसारखा वास येणारं तर नकोच. त्यातून सुटणारं आम्ल पत्रा खातं आणि त्यावर पुढे रंग धरत नाही. वेल्डिंग झालं असेल तर खालच्या बाजूचा रंगही जळलेला असतो, तोही भरा.

कंपनीच्या जुन्या डांबरी पट्ट्या घट्ट असतील तर राहू द्या. कडेला उचकटल्या असतील तर खाली ओल आहे, काढाच. कोरडा बर्फ वर ठेवला की त्या ठिसूळ होऊन हातोडीच्या हलक्या टोल्याने सुटतात. पण त्याचं तापमान उणे ७८ अंश असतं आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बंद गाडीत साचतो, म्हणून सगळी दारं उघडी आणि हातात जाड मोजे. नाहीतर हीट गन आणि खरवडणी, वेळ लागतो पण होतं.

ब्यूटाइल चिकटवणं

पत्रा आधी ग्रीस काढणाऱ्या द्रवाने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पांढरा कपडा काळा निघायचा थांबेपर्यंत कपडे बदलत राहा. चिकटलेली शीट पुढे सुटते त्यामागे बहुतेक वेळा इथली घाई असते. पत्रा हाताला कोमट लागायला हवा. थंड पत्र्यावर ब्यूटाइल धरत नाही, हीट गनने आधी तापवून घ्या.

आता बोटाच्या पेराने पत्रा ठोकत जा. जिथे ‘ठण्ण’ येतं तिथे खडूने खूण करा, जिथे ‘ठप्प’ येतं तिथे शीटची गरज नाही. वळणं, घड्या, मजबुतीच्या पन्हळी मुळातच कडक असतात; नाद सपाट भागाच्या मधोमध असतो. शीटचे वहीच्या पानाएवढे तुकडे करा. मोठा तुकडा मध्येच स्वतःला चिकटला की पुन्हा सुटत नाही. कागद एका कडेने थोडा सोलून तुकडा टेकवा आणि मधून कडेकडे रोलर फिरवा. अ‍ॅल्युमिनियमवर उठावाची नक्षी असते, ती पूर्ण सपाट झाली म्हणजे दाब पुरेसा झाला. फुगा राहिला तर टोच्याने भोक पाडून हवा काढा आणि भोकावर छोटा तुकडा लावा.

चार जागा पूर्ण मोकळ्या ठेवायच्या: निचऱ्याची बुचं, वायरिंगचे अर्थ पॉइंट (जिथे तार पत्र्याला जोडलेली असते), चासी नंबर कोरलेला भाग, आणि सीट व बेल्ट जिथे टेकतात ते पाय. या शेवटच्या जागेवर तडजोड नाही. ब्यूटाइल दाबाखाली हळूहळू बाजूला सरकतं. सीटच्या पायाखाली ते राहिलं तर आज टॉर्क पान्याने आवळलेला बोल्ट काही आठवड्यांत सैल होतो. तिथे पत्र्यावर धातू थेट टेकला पाहिजे.

झालं की पुन्हा ठोकून पाहा. ‘ठण्ण’ गेलं असेल तर थांबा, उरलेली शीट दारांच्या बाहेरच्या पत्र्यासाठी ठेवा. दारात लावताना खालच्या निचऱ्याच्या फटी झाकू नका, आणि दाराच्या आतल्या आवरणामागचा प्लास्टिकचा पडदा जसा होता तसा सगळीकडून चिकटवून परत लावा.

फोम आणि व्हिनाइल

इथे बहुतेक जण एक अखंड शीट अंथरतात. ऑफ-रोड गाडीत तुकडे केलेले बरे. पुढच्या पायांच्या गाळ्याचा तुकडा सीटच्या पुढच्या पायाशी संपवा. मग पाणी आत आलं तरी सीट न काढता तेवढाच तुकडा उचलून वाळवता येतो. पुठ्ठ्याचा साचा कापून बसवून पाहा, मग फोम कापा, मग व्हिनाइल. व्हिनाइलचे शेजारचे तुकडे २-३ सेंमी एकावर एक येऊ द्या. फोम आणि व्हिनाइल एकमेकांना चिकटवायला हरकत नाही, पण पत्र्याला फक्त तीन-चार ठिकाणी वेल्क्रोच्या पट्ट्यांनी धरा. चिकटवताना द्रावणाची वाफ डोक्यात जाते, दारं उघडी ठेवा आणि जवळपास ज्योत नको.

बोगद्यावर आणि सायलेन्सर जिथून जवळून जातो तिथे पाकिटावरची तापमानाची मर्यादा वाचा. मूळ गाडीत उष्णता अडवणारं पत्र्याचं कवच खालून असेल आणि ते सुटलं असेल, तर आधी ते परत बसवा. पत्रा आणि कवच यांमधली हवेची फटच खरं काम करते.

जाडीची बेरीज लक्षात ठेवा. २ मिमी ब्यूटाइल, ६ मिमी फोम, सुमारे ३ मिमी व्हिनाइल आणि ३ मिमी मॅट म्हणजे १४ मिमी. त्यामुळे दाराखालच्या पट्टीच्या क्लिपा लागत नाहीत, कन्सोलचे स्क्रू आखूड पडतात. पट्टीच्या आणि कन्सोलच्या पायांच्या जागी फोम कापून टाका. आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या खाली थर कमीच ठेवा.

मॅट

पर्याय असे. गाडीच्या आकारात ओतलेली जाड व्हिनाइल किंवा रबरी मॅट सगळ्यात सोपी आणि धुता येणारी; ज्यांना चिखलात जायचं आहे त्यांनी हीच घ्यावी. साच्याची मिळत नसेल तर ३ मिमी रबर शीट जुन्या मॅटवरून कापा. बोगद्यापाशी ती घडी घेत नाही, तिथे तीन तुकडे करून एकमेकांवर चढवावे लागतात. कार्पेट पायाला छान आणि आवाजालाही थोडं चांगलं, पण ओलं झालं की वाळत नाही. पत्र्यावर फवारायचं पॉलियुरेथेन कोटिंग टिकाऊ असतं, पण आवाज त्याने फारसा कमी होत नाही आणि ते पुन्हा काढता येत नाही.

साच्याची मॅट घडी घालून येते. उन्हात तासभर पसरून मऊ होऊ द्या. बोगद्यापासून सुरुवात करा, तो नीट बसला की बाहेरच्या बाजूला हाताने ताण काढत जा. भोकं सगळ्यात शेवटी. बोल्टची जागा टोच्याने शोधा, तिथे छोटी फुली कापा, बोल्ट हाताने फिरवून आटा धरतो का पाहा. गोल भोक कापायचा मोह आवरा. मॅट थोडी सरकली की ते भोक बाजूला दिसत राहतं. दाराच्या कडेची जादा पट्टी त्याच दिवशी कापू नका. एक रात्र जाऊ द्या, मॅट आक्रसते किंवा पसरते, मग कापा.

परत जुळवणी

लिव्हरांची बूट नवी घाला आणि रिंगेखाली सीलरची पातळ रेघ द्या. सीट आणि बेल्टचे बोल्ट आधी सगळे हाताने लावा, मग गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. कनेक्टर जोडा, आणि बॅटरी सगळ्यात शेवटी.

गाडी सुरू करण्याआधी तिन्ही पेडल तळापर्यंत दाबून सोडा. मॅटच्या कडेत अ‍ॅक्सिलरेटर अडकत नाही ना, ब्रेक आणि क्लचचा पूर्ण प्रवास मिळतो ना, हे जमिनीवर बसून डोळ्यांनी पाहा. वर सुटी मॅट टाकणार असाल तर तीही टाकून पुन्हा पाहा.

फरक मोजायचा असेल तर कामाआधी आणि नंतर तोच रस्ता, तोच वेग, तोच गिअर, काचा बंद, एसी बंद, फोन त्याच जागी. आकडा काही डेसिबलनेच उतरेल. खडखड, पत्र्याचा गुंजारव आणि लिव्हरजवळची शिट्टी मात्र स्पष्ट कमी जाणवेल. मड टायरची घरघर थोडी राहतेच, आणि काचा व बीडिंगमधून येणारा वारा या कामाने थांबत नाही.

पहिल्या काही शे किलोमीटरनंतर सीट आणि बेल्टचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. पहिल्यांदा गाडी पाण्यातून नेली की त्याच संध्याकाळी बुचं काढून पाणी जाऊ द्या, चारही गाळ्यांतले तुकडे उचला आणि खाली हात फिरवून पाहा. खारं पाणी असेल तर आधी गोड्या पाण्याने धुवा, मग दारं उघडी ठेवून वाळवा.